कोन उचलायला शिकवा

चौपाखी छपराच्या कामावर पहिल्यांदा आलेला मुलगा आढ्याच्या टोकाकडून भिंतीच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या कोनवाशाला मिळणारा आखूड वासा कापायला घेतो, तेव्हा हमखास ४५ अंशांची रेघ मारतो. शाळेत शिकलेलं तो नीट वापरत असतो. घराचा कोपरा काटकोनात आहे, कोनवासा त्या काटकोनाचे दोन सारखे भाग करतो, म्हणजे ४५. पण वासा नकाशावर आडवा पडलेला नसतो, तो उतारावर चढलेला असतो. पाख्याचा उतार ३० अंश असेल तर त्याच वाशाच्या वरच्या कडेवर मारायची रेघ ४१ अंशांच्या जवळ येते. पन्नास मिलिमीटर जाडीच्या वाशाला एवढ्या फरकानं जवळजवळ आठ मिलिमीटरची फट पडते. खुद्द कोनवाशाचा उतारही ३० नसतो, तो २२ अंशांच्या आसपास असतो, कारण तेवढीच उंची चढायला त्याला तिरकं, जास्त लांबचं अंतर जावं लागतं.

मग मुलगा विचारतो, "दादा, आकडा किती धरू?"

माझं म्हणणं या प्रश्नाबद्दल आहे. आकडा धरायचाच नाही. कोन जिथे आहे तिथून उचलायचा आणि लाकडावर नेऊन ठेवायचा. त्यासाठीचं हत्यार, बेव्हल, सुतारकामात पूर्वीपासून आहे. पण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना अंश वाचता येतात आणि हे हत्यार हातात दिलं की ती थांबतात. हे बदलायला हवं, आणि ते बदलणं फार स्वस्तात होण्यासारखं आहे.

गुण्या सगळ्यांनी पाहिलेला असतो. जाड दांडा, त्यात बसवलेलं पातं, दोहोंमध्ये कायमचा काटकोन. बेव्हलमध्ये पातं कायमचं बसवलेलं नसतं. पात्याला लांब खाच असते, खाचेतून बोल्ट जातो, बोल्टावर विंगनट. नट सैल केला की पातं हव्या त्या कोनात फिरतं, पुढे-मागे सरकतं. आवळला की तिथेच थांबतं. त्यावर एकही आकडा नसतो. कोन किती आहे हे ते सांगत नाही. तो कोन जसाच्या तसा धरून ठेवतं आणि दुसरीकडे नेतं. दिलेल्या कोनाएवढा कोन कंपास आणि पट्टीनं काढायला आपण सगळेच शाळेत शिकलो; बेव्हल तेच काम लाकडावर, एका हातानं, शिडीवर उभं राहून करून देतं.

माझे बाबा दापोली तालुक्यात आयुष्यभर छपरं उभारत होते. त्यांचं बेव्हल घरीच केलेलं होतं: शिसवी दांडा, पितळी पातं, सायकलच्या दुकानातून आणलेला बोल्ट. छपरावर चढताना ते नेहमी दोन बेव्हल बरोबर न्यायचे. दोन कशाला, हे मला एका घराच्या दुरुस्तीनं पुरतं समजलं, आणि ते काम मी इथे जरा तपशिलानं सांगणार आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दापोली-मंडणगडलाही त्यानं सोडलं नाही. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कौलं उडाली, माड छपरांवर पडून वासे मोडले. लॉकडाऊन चालू होता, पाऊस तोंडावर आला होता. त्या दिवसांत ज्याला ताडपत्री मिळाली त्यानं ताडपत्री टाकली, ज्याला पत्रा मिळाला त्यानं पत्रा मारला. त्यात काहीही गैर नव्हतं. डोक्यावर आधी आडोसा हवा. मी बोलतो आहे ते त्यानंतरच्या काळाबद्दल. पुढे सवड झाली, काही घरमालकांना जुनं कौलारू छप्पर पुन्हा हवं होतं, लाकूडही होतं, आणि त्यांना उत्तर मिळत होतं की चौपाखी छप्पर बांधणारा माणूस आता नाही, दुपाखी करून पत्रा टाकून देतो.

असंच एक चिऱ्याचं जुनं घर आमच्याकडे आलं. माड पडून मागच्या कोपऱ्यातला कोनवासा मोडला होता, त्याला मिळणारे दोन्ही बाजूंचे आखूड वासे लोंबकळत होते. भिंत मातीत बांधलेली. कोनवासा कोपऱ्याला सतत बाहेर रेटत असतो; वर्षानुवर्षं हा रेटा खाऊन कोपरा उघडला होता, काटकोन उरला नव्हता. एका बाजूची भिंत दुसरीपेक्षा किंचित खचलेली, म्हणून दोन पाख्यांचे उतारही सारखे नव्हते. अशा घराला लागू पडेल असं कोष्टक कुठल्याही पुस्तकात नाही. काटकोन धरून केलेलं सगळं गणित तिथे बिनकामाचं.

आम्ही आढ्याच्या टोकापासून भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणली. सुतळीला धरून एक सरळ रंधलेली पट्टी बांधली आणि वरच्या टोकाशी ओळंबा सोडला. वारा थांबायची वाट पाहावी लागते इथे, कारण ओळंबा डोलत असताना घेतलेला कोन खोटा असतो. ओळंबा स्थिर झाल्यावर बेव्हलचा दांडा पट्टीला टेकवला, पातं ओळंब्याच्या दोरीशी जुळेपर्यंत फिरवलं आणि नट आवळला. कोनवाशाच्या उभ्या कापाचा कोन मिळाला. खालच्या टोकाचा उभा कापही याच कोनाचा, कारण ओळंबा वर आणि खाली एकाच दिशेला लटकतो. एकदा घेतलेला कोन लाकडाच्या दोन्ही टोकांना चालला.

कोनवासा बसल्यावर आखूड वाशांची पाळी. इथे दोन बेव्हल लागतात. वासा जिथे येणार तिथे एक पट्टी धरायची, शेजारच्या शाबूत वाशाला समांतर आणि त्याच उतारावर. पहिल्या बेव्हलचा दांडा पट्टीच्या वरच्या कडेवर आडवा ठेवून पातं कोनवाशाच्या अंगाला टेकवायचं: हा वाशाच्या वरच्या कडेवरचा काप. दुसऱ्या बेव्हलचा दांडा त्याच कडेला धरून पातं पट्टीच्या बाजूवर खाली सोडायचं आणि ओळंब्याशी जुळवायचं: हा बाजूवरचा काप. वाशाचं टोक या दोन रेघांनी ठरतं. एकच बेव्हल असेल तर पहिला कोन मोडून दुसरा घ्यावा लागतो आणि पुढच्या वाशाला पुन्हा वर चढावं लागतं. दोन असली की दोन्ही कोन धरलेले राहतात, आणि त्या बाजूचे सगळे आखूड वासे खाली अंगणात कापता येतात. प्रत्येकाची लांबी वेगळी, पण सगळे एकमेकांना समांतर असल्यामुळे काप सगळ्यांचे तेच. दुसऱ्या पाख्यासाठी मात्र दोन्ही कोन नव्यानं घेतले. घर काटकोनात असतं तर डाव्याचे कोन उलटे करून उजव्याला चालले असते. त्या घरात चालले नसते.

आणखी एक सवय बाबांची आहे, ती मी प्रत्येक मुलाला लावतो. कोन घेतला की खाली उतरल्याबरोबर तो एका फळीवर रेघ मारून ठेवायचा आणि शेजारी लिहायचं: मागचा कोपरा, डावं पाखं, वरची कड. बेव्हल हातातून पडतं, कुणीतरी उचलून नट सैल करतं, पण फळीवरची रेघ जागची हलत नाही. त्या घराच्या कोनांची फळी मी अजून ठेवली आहे. पुढे कधी तो कोपरा पुन्हा उघडला तर किती उघडला हे तिच्यावरून कळेल.

हे सगळं करताना आम्ही एकदाही कोन किती अंशांचा आहे हे पाहिलं नाही, आणि सांधे बसले.

डिजिटल कोनमापक आता कुठेही मिळतो, मोबाइलमध्येही अ‍ॅप असतं. मी त्यांच्या विरोधात नाही. कारखान्याला पंचवीस सारख्या खुर्च्यांची ऑर्डर द्यायची असेल, दुसऱ्या गावातल्या माणसाला फोनवर कोन सांगायचा असेल, यंत्राला प्रोग्रॅम द्यायचा असेल, तर आकडा लागतोच. पण जागेवरचं काम वेगळं आहे. तिथे कोन मोजला की तो आधी आकडा होतो, आकड्याची वजाबाकी होते, भागाकार होतो, मग तो करवतीच्या मापपट्टीवर लावला जातो, आणि या प्रत्येक पायरीवर थोडं थोडं निसटतं. एक अंशाची चूक ऐकायला काहीच वाटत नाही. सहाशे मिलिमीटर लांबीवर तीच चूक साडेदहा मिलिमीटर होते. अर्धा अंश चुकला तरी पाच मिलिमीटर. गिऱ्हाइकाला ती फट दिसते आणि सुतार ती लांबी घालून बुजवतो. बेव्हलमध्ये मधली पायरीच नाही. अगदी विजेची मायटर करवत वापरतानाही मी प्लग काढून बेव्हलचा दांडा करवतीच्या कुंपणपट्टीला आणि पातं करवतीच्या चकतीच्या सपाट अंगाला लावून करवत जुळवतो, दात टाळून. मापपट्टीकडे बघायची गरजच पडत नाही.

शहरातल्या फ्लॅटमध्येही गोष्ट तीच. प्लास्टर झालेल्या भिंतीचा कोपरा नव्वदचा असतो ही समजूत स्वयंपाकघराच्या पहिल्याच कपाटाला मोडते. कोपरा ९२ अंशांचा असेल तर पट्टीचा प्रत्येक काप ४६ चा हवा. बेव्हलनं कोपरा उचला, फळीवर काढा, कंपासनं त्याचे दोन भाग करा, तो अर्धा कोन पुन्हा बेव्हलमध्ये घ्या. ४६ हा आकडा कुठेही न उच्चारता काप बरोबर येतो.

आकड्यावाचून कोन सांगायच्या इतर पद्धतीही सुतारकामात आहेत आणि त्या फार देखण्या आहेत. ड्रॉवरच्या डव्हटेल सांध्याला मऊ लाकडात सहाला एक आणि कठीण लाकडात आठाला एक असा उतार धरतात. फळीच्या कडेला काटकोनात रेघ मारायची, तिच्यावर सहा भाग वर जायचं, तिथून एक भाग बाजूला, आणि तो बिंदू खालच्या टोकाशी जोडायचा. बेव्हल त्या तिरप्या रेघेला लावलं की काम झालं. हा कोन साडेनऊ अंशांच्या जवळ येतो, पण सुतार साडेनऊ लक्षात ठेवत नाही, सहाला एक लक्षात ठेवतो, कारण ते कुठल्याही फळीवर, कुठल्याही मापात काढता येतं. दहावीला त्रिकोणमिती शिकवताना टॅन्जंट म्हणजे नेमकं काय हे मुलांना याहून सोप्या रीतीनं दाखवता येईल असं मला वाटत नाही.

बाजारात मिळणारी बरीच स्वस्त बेव्हल मात्र सदोष असतात, आणि मुलांचा या हत्यारावरचा विश्वास उडतो त्याला हेही एक कारण आहे. विंगनटाची पाकळी दांड्याच्या बाहेर येते. मग हत्यार उलटं करून टेकवलं की दांडा कडेला बसतच नाही. कुठे पात्याची खाच ढिली असते, नट आवळतानाच कोन सरकतो. घेताना पाकळी दांड्याच्या कडेबाहेर येते का ते पाहावं. आवळताना नट आधी निम्मा आवळावा, पातं बोटानं जागेवर आणावं, उजेडासमोर धरून पात्याखालून प्रकाश दिसत नाही याची खात्री करावी, आणि मगच पूर्ण आवळावं. दांडा ज्या कडेला टेकवायचा ती कड रंध्यानं सरळ केलेली हवी. वाकड्या कडेवर खरा कोनही खोटा पडतो.

कोकणातली चौपाखी छपरं फक्त सुतार नाहीत म्हणून जात आहेत असं मी म्हणणार नाही. लाकूड महाग झालं. दर वर्षी पावसाआधी छप्पर शाकारायला माणसं मिळत नाहीत. माकडं कौलं फोडतात, आणि दर आठवड्याला छपरावर चढायला घरात तरुण माणूस नसतो. पत्र्याचा निर्णय घेणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला मी कधीच दोष देत नाही. पण ज्याला कौलं हवी आहेत, ज्याच्याकडे पैसे आणि लाकूड आहे, त्याला केवळ कोनवासा कापणारा मिळत नाही म्हणून घराचा आकार बदलावा लागतो, ही गोष्ट मला सहन होत नाही. हे कौशल्य अवघड नाही. ते शिकवलं जात नाही, एवढंच.

शिकवायला जागा आहेत, पैसाही आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत, सुतार त्यात आहे. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत अशी तिची रचना आहे. त्या पाच-सात दिवसांतला एक पूर्ण दिवस कोन उचलण्याला द्या, अशी माझी मागणी आहे. सकाळी सपाट फळीवर, दुपारी जमिनीवर उभारलेल्या छपराच्या एका कोपऱ्यावर. असा कोपरा एकदा बांधून ठेवला की तो पुढच्या सगळ्या तुकड्यांना चालेल, आणि तो मुद्दाम वेडावाकडा बांधायला हवा. हत्यारांच्या पैशातून प्रत्येकानं दोन चांगली बेव्हल घ्यावीत. एवढ्या रकमेत ती सहज बसतात.

दुसरी जागा शाळा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, आणि त्या दिवसांत मुलांनी स्थानिक कारागिरांकडे शिकावं असं म्हणताना सुतारांचं नाव त्यात स्पष्ट घेतलं आहे. हा विचार आपल्याला परका नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला आणि तिथे मुलं काम करत शिकू लागली. पण माझ्याकडे शाळेची मुलं येतात तेव्हा बहुतेक वेळा अर्धा तास यंत्रं बघून, फोटो काढून परत जातात. शिक्षकांनी अर्ध्या दिवसाचा वेळ द्यावा. सागाच्या दोन पट्ट्या, एक सहा मिलिमीटरचा बोल्ट, एक वॉशर, एक विंगनट. एका पट्टीला करवतीनं चीर पाडायची, दुसरीला लांब खाच घ्यायची, भोक पाडून बोल्ट घालायचा. सातवीच्या मुलाला हे जमतं. तयार झालेलं बेव्हल घेऊन त्यानं शाळेत हिंडावं: जिन्याच्या कठड्याचा कोन, पत्र्याच्या शेडचा उतार, मैदानावरच्या घसरगुंडीचा कल. प्रत्येक कोन कागदावर उतरवायचा आणि वर्गात येऊन मगच कोनमापकानं मोजायचा. अंश म्हणजे काय हे त्याला त्या दिवशी हातानं कळेल.

आणि तिसरी गोष्ट परीक्षा. सुतारकामाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत काटकोनातला सांधा करून दाखवावा लागतो, ते योग्यच आहे. त्याला एका कामाची जोड द्या. प्रत्येक उमेदवाराला चार फळ्यांची एक चौकट द्या, जिचा एकही कोपरा काटकोनात नाही आणि कुठलेही दोन कोपरे सारखे नाहीत. आत आडवी एक पट्टी बसवायला सांगा, दोन्ही टोकं अंगाला लागतील अशी. बेव्हल, पेन्सिल, करवत, रंधा आणि पटाशी मिळेल. कोनमापक आणि मोबाइल बाहेर ठेवायचा. परीक्षकानं पट्टी बसवून दोन्ही सांध्यांत पोस्टकार्ड घालून पाहावं. कार्ड आत गेलं तर उमेदवाराला नवी पट्टी आणि आणखी एक संधी मिळावी.